घरचा ॲम्प्लिफायर आणि कुंभाराचं गाढव



तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने सोनपेठला येऊन ॲम्प्लिफायरवर बोलावं, याचं काहींना नवल वाटतंय असं संयोजकांनी मघाशी सांगितलं. आमच्या मते नवलासारखं त्यात काही नाही. ध्वनी म्हणजे काय, तो कानापर्यंत येतो कसा, आणि कानाने दिलेल्या साक्षीवर किती विसंबायचं, हे प्रश्न आपल्याकडे न्याय, वैशेषिक आणि मीमांसा या दर्शनांनी शेकडो वर्षं घासून घासून लख्ख केले आहेत. दुसऱ्या बाजूला, हातात सोल्डरिंग गन धरून ॲम्प्लिफायर जोडणारे कारागीर आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात आहेत. या दोघांची गाठ सहसा पडत नाही. आज ती घालून द्यावी, एवढाच बेत.

आधी आपल्याकडच्या परंपरेबद्दल. १९९१ च्या आधी परदेशी माल आणणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्यामुळे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा माणूसच ॲम्प्लिफायर 'असेंबल' करून द्यायचा. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, पुण्याच्या तपकीर गल्लीतून, आणि मराठवाड्यातल्या माणसाला सोयीचं म्हणजे हैदराबादच्या कोठीतल्या गुजराती गल्लीतून यायचे. आत सान्यो कंपनीची एलए ४४४० ही आयसी किंवा टीडीए २०३०, मोठं काम असेल तर टू एन ३०५५ या जाडजूड ट्रान्झिस्टरच्या जोड्या. बाहेर प्लायवूडचा डबा आणि पुढच्या पट्टीवर नाचणारे लाल-हिरवे दिवे. आजही ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरवर जे वाजतं ते याच घराण्यातलं. शिकलेली मंडळी त्याला हसतात. आम्हाला ते हसणं पटत नाही. हा कारागीर चांगल्या दर्जाच्या ॲम्प्लिफायरच्या अर्ध्या वाटेवर आधीच पोहोचलेला आहे. उरलेली अर्धी वाट कोणती, ते पाहू.

त्यासाठी एक गैरसमज आधी काढला पाहिजे. ॲम्प्लिफायर आवाज 'मोठा करतो' असं आपण म्हणतो. जणू तारेतून आलेलं गाणं तो फुग्यासारखं फुगवतो. तसं काहीच घडत नाही. मोबाइलमधून येणारा नाजूक विद्युतप्रवाह स्पीकरपर्यंत जातच नाही. स्पीकरला हलवणारी वीज भिंतीतल्या सॉकेटमधून येते, ट्रान्सफॉर्मरमधून उतरते, डायोडमधून सरळ होते, कॅपॅसिटरमध्ये साठते आणि तिथून ट्रान्झिस्टरमधून स्पीकरला मिळते. मोबाइलचा प्रवाह फक्त ट्रान्झिस्टरला सांगतो की आता किती उघड, आता किती मीट.

पाटाचं पाणी पाहिलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. पाटकरी दार वर-खाली करतो. त्याच्या हाताला जोर लागतो तो थोडा. पण शेतात जाणारं पाणी धरणाचं असतं, पाटकऱ्याच्या घामाचं नसतं. पाणी गढूळ असेल तर पाटकरी कितीही हुशार असला तरी पिकाला गढूळच पाणी मिळणार.

इथे आपल्या जुन्या वादाची आठवण येते. मीमांसक म्हणतात, शब्द नित्य आहे. उच्चार झाला की तो केवळ प्रकट होतो, जसा अंधारातला घडा दिव्याने दिसतो. नैयायिक म्हणतात, नाही, शब्द उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. एका शब्दातून पुढचा शब्द, त्यातून त्याच्या पुढचा, असा तो कानापर्यंत येतो. पाण्यावरच्या लाटांसारखा म्हणून वीचीतरंगन्याय, किंवा कदंबाच्या कळीसारखा एकदम सगळ्या दिशांनी फुटतो म्हणून कदंबमुकुलन्याय. ॲम्प्लिफायर विकत घेणारे बहुतेक लोक नकळत मीमांसक असतात: गाणं तारेत आहेच, यंत्र ते प्रकट करतंय. बांधणाऱ्याने मात्र नैयायिक व्हावं. स्पीकरला मिळणारा प्रवाह नवा, दर क्षणी नव्याने घडवलेला आहे. तो मूळासारखा घडला तर उत्तम. आणि तो ज्या मातीतून घडतो ती माती म्हणजे पॉवर सप्लाय.

म्हणून उरलेल्या अर्ध्या वाटेचा मोठा हिस्सा पॉवर सप्लायचा. आपल्या असेंबल केलेल्या डब्यांमध्ये सगळ्यात जास्त काटकसर नेमकी तिथे झालेली असते.

आता मंडळ कोणतं निवडायचं? घरी बांधण्याची थोर परंपरा जगात फार जुनी आहे, आणि ती चोरून केलेल्या नकलेची नाही, उघड देवाणघेवाणीची आहे. १९४७ साली विल्यमसन या अभियंत्याने ब्रिटनच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा पूर्ण आराखडा छापला आणि हौशी लोकांनी तो जगभर बांधला. त्याच मासिकात १९६९ साली जॉन लिन्स्ली हूड यांनी त्या विल्यमसनलाच मापदंड मानून १० वॅटचा एक साधा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर दिला. एका बाजूला फक्त चार ट्रान्झिस्टर. अमेरिकेतले नेल्सन पास तर स्वतःची महागड्या ॲम्प्लिफायरची कंपनी चालवून शिवाय घरी बांधणाऱ्यांसाठी सर्किटं प्रसिद्ध करत आले. ज्ञान वाटल्याने धंदा बुडतो असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावं.

पहिल्यांदा बांधणाऱ्याला आम्ही लिन्स्ली हूड यांचंच मंडळ सुचवतो. व्हॉल्व्हचा मोह होतो, ते पेटलेले सुंदर दिसतात, आणि एके काळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये ते बनतही होते. पण व्हॉल्व्हच्या डब्यात ३००-४०० व्होल्ट खेळत असतात. ते शिकाऊ हाताचं काम नव्हे. हा आग्रह आम्ही सोडणार नाही.

१० वॅट म्हटल्यावर इथे मागे काही चेहरे पडले, ते दिसलं! कारण आपल्याला 'हजार वॅट पीएमपीओ' असं खोक्यावर छापलेलं वाचायची सवय. तो आकडा क्षणभराच्या, तोही कागदावरच्या शक्तीचा असतो. खरा हिशोब असा. शक्ती दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो, दहापट केली की १० डेसिबलने, आणि १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते. म्हणजे १० वॅटच्या जागी १०० वॅट आणले तर आवाज दसपट होत नाही, दुपटीच्या आसपास जातो. ९० डेसिबल क्षमतेचा स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ९० डेसिबल देतो, १० वॅटला १००. घरात बसून भीमसेनजी ऐकायला बहुतेक वेळ एक वॅटसुद्धा लागत नाही. आणि सहज आठवण म्हणून सांगतो, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीतल्या भिंतींबद्दल बोलण्यासाठी वेगळं व्याख्यान लागेल, तेव्हा ते राहू द्या.

हे मंडळ 'क्लास ए' प्रकारचं आहे. म्हणजे काय, ते गाण्याच्या भाषेत सांगतो. नेहमीच्या ॲम्प्लिफायरमध्ये दोन ट्रान्झिस्टर पाळ्या वाटून घेतात. लहर वर गेली की एक काम करतो, खाली गेली की दुसरा. पाळी बदलताना, म्हणजे लहर शून्यातून जाताना, क्षणभर दोघेही अर्धवट झोपेत असतात. तिथे लहरीला खाच पडते. ही खाच मोठ्या आवाजात झाकली जाते, पण हळू आवाजात उघडी पडते. आलापीचा शेवट, तानपुऱ्याचा विरत जाणारा झंकार, नेमका तिथेच कचरा. क्लास ए मध्ये दोघेही सतत जागे. पाळी बदलतच नाही.

यंत्राने मिसळलेला कचरा कसा ऐकू येतो, हे समजायला तानपुऱ्यासारखा गुरू नाही. एका तारेत मूळ स्वराबरोबर त्याच्या पटीतले स्वर वाजत असतात. दुसरी पट म्हणजे वरचा षड्ज, तिसरी म्हणजे त्याच्या वरचा पंचम, चौथी पुन्हा षड्ज, पाचवी गंधार. छान जुळलेल्या तानपुऱ्यात न छेडता ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच. जव्हारीमुळे हे स्वर इतके समृद्ध का होतात, यावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली संशोधन प्रसिद्ध केलं होतं. ॲम्प्लिफायरने स्वतःहून दुसरी पट थोडी मिसळली तर ती षड्जातच विरते आणि आवाज 'गोड' वाटतो. व्हॉल्व्हच्या आवाजाला लोक भुलतात त्याचं एक कारण हे. पण सातवी पट कोमल निषादाच्याही जरा खाली पडते, आणि त्यावरच्या पटींपैकी कित्येक कुठल्याच स्वरात बसत नाहीत. पाळी बदलतानाची ती खाच नेमक्या या वरच्या, विसंवादी पटी निर्माण करते. त्यामुळे दोन यंत्रांची दोषाची टक्केवारी एकच असली तरी एक सुसह्य वाटतं आणि दुसरं डोकं उठवतं.

गोड दोषाचीही मर्यादा सांगून ठेवतो. एकच स्वर असेल तोवर तो गोड. गळा, हार्मोनियम आणि तानपुरा एकत्र आले की सदोष यंत्र त्यांच्या बेरजा-वजाबाक्या करून असे स्वर काढतं जे कोणी गायलेच नव्हते. आम्हाला विचाराल तर गोडवा गायकाने आणावा, यंत्राने आणू नये.

दोष कमी करायचा मुख्य उपाय म्हणजे ऋण प्रतिभरण, आपण त्याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतो. शेताच्या टोकाला उभा राहून कोणी पाटकऱ्याला ओरडून सांगावं, 'जास्त झालं, थोडं मीट', तसं. बाहेर पडलेल्या लहरीचा अंश मागे आणून मूळ लहरीशी ताडून पाहायचा आणि फरक दुरुस्त करायचा. हॅरॉल्ड ब्लॅक यांना हे २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना हडसन नदीवरच्या फेरीबोटीत सुचलं, आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्यांनी ते लिहून काढलं. चूक होऊ नये म्हणून धडपडण्यापेक्षा, झालेली चूक मोजून तिच्याच साहाय्याने स्वतःला सुधारणं, ही कल्पना आम्हाला तत्त्वज्ञानाच्या पुष्कळ ग्रंथांपेक्षा मोलाची वाटते.

क्लास ए ची किंमत मोजावी लागते ती उष्णतेत. या मंडळाला साधारण २७ व्होल्ट आणि १.२ अँपिअर सतत लागतात, गाणं चालू असो वा नसो. गुणाकार करा: एका बाजूला सुमारे ३२ वॅट, दोन बाजूंना ६५. ब्रिटनच्या थंडीत हे खोली उबदार करायला बरं. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२-४४ ला असतो. हीटसिंक एका वॅटला एक अंश चढणारा असेल तर ४४ अधिक ३२, म्हणजे ७६ अंश. हात लावून पाहू नका. म्हणून पुस्तकात लिहिलेल्यापेक्षा निदान दुप्पट मोठा हीटसिंक घ्या, त्याचे पंख उभे ठेवा, आणि कपाटात कोंडू नका. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाचा पातळ तुकडा आणि पांढरी पेस्ट लागते. पेस्ट लोण्यासारखी थापायची नसते, पुसट लावायची.

आता तो पॉवर सप्लाय. मोटारीचं वाइंडिंग करणारे कारागीर आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. पंपाची जळालेली मोटार भरून देणारा माणूस २४ व्होल्टचा, १५० व्हीए चा ट्रान्सफॉर्मर सहज गुंडाळून देतो. त्याला फक्त सांगा की तार एक नंबर जाड घाल आणि पत्र्या घट्ट आवळ, नाहीतर ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुणगुणतो. पुढे ब्रिज रेक्टिफायर आणि मग कॅपॅसिटर. दोन्ही बाजू मिळून २.४ अँपिअर घेतात. १०,००० मायक्रोफॅरडचा एकच कॅपॅसिटर असेल तर व्होल्टेज दर सेकंदाला १०० वेळा सुमारे २.४ व्होल्टने वर-खाली होतं. हीच ती घरघर. आणि १०० हर्ट्झ म्हणजे मंद्रातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. काळी एकमध्ये गाणाऱ्या बाईंच्या मागे महावितरणने आपला तानपुरा पांढरी पाचात लावून दिला, असा प्रकार होतो. उपाय अवघड नाही. पुढे आणखी एक ट्रान्झिस्टर लावून 'कपॅसिटन्स मल्टिप्लायर' करायचा. तीनेक व्होल्ट खर्ची पडतात आणि घरघर जवळजवळ नाहीशी होते. २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आम्ही सांगितला तो या खर्चाची सोय धरूनच.

व्होल्टेजच्या चढउताराचंही पाहा. संध्याकाळी सगळे पंप चालू झाले आणि २३० चे १८० झाले, तर आतलं व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरतं, आणि शक्ती वर्गाच्या प्रमाणात घटते. १० वॅटचे ६ उरतात. गाणं चालू राहील, पण जोरकस जागी फाटेल. अशा वेळी ॲम्प्लिफायरला दोष देऊ नये.

एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. लोखंडी डबा अर्थिंगला जोडलेलाच पाहिजे. आपल्याकडे तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे तार कुठे जाते हे कोणी पाहत नाही. कित्येक घरांत ती कुठेच जात नाही. ॲम्प्लिफायर बांधायच्या आधी घराचं अर्थिंग करून घ्या: खड्डा, पट्टी, कोळसा, मीठ आणि उन्हाळ्यात त्यात पाणी. त्यानंतर मेनच्या बाजूला फ्यूज. आणि मोठ्या कॅपॅसिटरच्या दोन टोकांवर २.२ किलोओहमचा रेझिस्टर कायमचा जोडून ठेवा, म्हणजे बंद केल्यावर दोन मिनिटांत तो रिकामा होतो. कानाला शून्य फरक पडणारी ही कामं आहेत. पण ती न करणाऱ्याने बाकीचं काहीच करू नये.

बाजारात बनावट टू एन ३०५५ फार. बाहेरचं टोपण तेच, आतला सिलिकॉनचा तुकडा मात्र बोटाच्या नखाएवढा असायच्या ऐवजी तिळाएवढा. फारच स्वस्त मिळाला तर समजून जा.

आता कानाच्या साक्षीकडे येऊ. महागड्या ऑडिओच्या जगात सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना आणि लाखाच्या घरातल्या वीजतारा विकल्या जातात. घेणारा शपथेवर सांगतो की फरक ऐकू आला. तो खोटं बोलत नाही. त्याचा आनंद खरा आहे. प्रश्न आहे तो त्या आनंदाचं कारण काय, हा. न्यायशास्त्रात घडा कशामुळे झाला याची चर्चा आहे. माती कारण, चाक कारण, कुंभार कारण. पण माती वाहून आणणारं गाढव? तेही घड्याच्या आधी हजर होतं. तरी ते कारण नव्हे, ते अन्यथासिद्ध. ते गाढव वगळलं तरी घडा होतो. ती महागडी तार आम्हाला पुष्कळदा कुंभाराचं गाढव वाटते. आवाज सुधारण्याआधी ती आली एवढं खरं.

पण आम्हाला वाटतं म्हणून तिला गाढव म्हणणं हाही न्याय नव्हे. तपासायला हवं, आणि तपासणी घरी होते. दोन ॲम्प्लिफायर किंवा दोन तारा घ्या. मोबाइलवर ४०० हर्ट्झचा सरळ स्वर लावा आणि स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. दोघांचं व्होल्टेज एक टक्क्याच्या आत सारखं करा. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं फुकट, कारण जे किंचित मोठं वाजतं ते कानाला 'चांगलं' वाटतं, 'मोठं' वाटत नाही. मग घरातल्या कोणालातरी पडद्यामागे नाणेफेक करून बदलायला सांगा. १६ वेळा ऐका, दरवेळी कागदावर लिहा. १२ किंवा जास्त बरोबर आले तर नुसत्या अंदाजाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी; तिथे फरक मानायला जागा आहे. आठ-नऊ आले तर गाढव मोकळं सोडा.

यावर कोणी म्हणेल, मग सगळेच ॲम्प्लिफायर सारखे, बांधायचा खटाटोप कशाला? सगळे सारखे नाहीत. घरघर, पाळीबदलाची खाच, फाटणारा आवाज, कमी पडणारा सप्लाय, हे फरक पडद्यामागूनही ओळखता येतात. पण ते दूर झालेली दोन चांगली यंत्रं वेगळी ओळखणं अतिशय कठीण. याचा अर्थ तालुक्याच्या गावातल्या कारागिराच्या आवाक्यात उत्तमाचा दर्जा आहे. त्यानंतर पैसे ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक आणि स्पीकरवर घालावेत. आणि हो, मध्यम लहरींवर आकाशवाणी परभणी ऐकायला याचा उपयोग थोडाच. त्या लहरींवरून वरचे स्वर येतच नाहीत. त्यांना वाट देणं कुठल्याही ॲम्प्लिफायरच्या हातात नाही.

शेवटी पहिल्यांदा चालू करण्याबद्दल. प्रत्येक मेकॅनिककडे सिरीज बोर्ड असतो, बल्ब मालिकेत जोडलेला. तो वापरा. आधी फक्त पॉवर सप्लाय जोडून पाहा: बल्ब क्षणभर उजळून मंद झाला पाहिजे. उजळलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करा. मग ॲम्प्लिफायरची एक बाजू जोडा, प्रवाह कमीत कमी ठेवून. क्लास ए सतत वीज खातो, त्यामुळे आता बल्ब पूर्ण विझणार नाही, घाबरू नका. सगळं ठीक दिसलं की बल्ब काढून थेट वीज द्या. ट्रान्झिस्टरच्या जोडीच्या मधल्या बिंदूवर निम्मं व्होल्टेज, म्हणजे १३.५, लावून घ्या. प्रवाह हळूहळू १.२ अँपिअरपर्यंत आणा. अर्धा तास तापू द्या, आकडे सरकतात, पुन्हा लावा. बाहेर जाताना २२०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आहे, तो स्पीकरला सरळ प्रवाहापासून वाचवतो. आठ ओहमच्या स्पीकरला ९ हर्ट्झपर्यंत तो आडवा येत नाही, म्हणून 'खर्ज कापला जातो' असं सांगून कोणी तो काढायला लावला तर ऐकू नका. तरीही पहिल्या दिवशी जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर लावा.

सर्किटचा कागद बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. ट्रान्झिस्टरच्या पायांची नावं त्यावर मोठ्या अक्षरात आहेत. ज्यांना हवा त्यांनी फोटो काढून घ्यावा, आणि आता प्रश्न असतील तर घेऊ.